रात्री तळपायांची आग: कारण शोधायचं कसं?

सुरंगी (गुहागर)

नमस्कार मंडळी. सासूबाईंच्या पायांबद्दल विचारायचं आहे. वय ६७. दिवसभर आगरात, घरात काही ना काही चालू असतं, तेव्हा फारशी तक्रार नसते. दिवे मालवले की तळपाय पेटतात. पांघरुणाचा स्पर्शही नको होतो. पावसाळ्यातल्या गार रात्रीसुद्धा पाय चादरीबाहेर काढून फरशीला टेकवून झोपतात. मध्यरात्री उठून न्हाणीत पायांवर पाणी घेतात, थोडा वेळ बरं वाटतं की पुन्हा तेच. मी हात लावून बघते तेव्हा पाय गरम लागत नाहीत. लाली नाही, सूज नाही.

मधुमेह जुना आहे, बरीच वर्षं मेटफॉर्मिन चालू आहे. पित्ताची गोळीही रोज सकाळी असते. घर शाकाहारी. अलीकडे आणखी एक झालं आणि मी खरी घाबरले ती त्याने. आगरातून येताना त्यांच्या एका पायातली चप्पल वाटेत निसटली आणि त्या तशाच पाखाडी चढून घरी आल्या. मी विचारलं तेव्हा त्यांनी खाली बघितलं.

शेजारीपाजारी सगळे म्हणतात, अंगात उष्णता आहे. कोकम सरबत, सब्जा, धणे-जिऱ्याचं पाणी, मेंदीचा लेप, काशाची वाटी, सगळं चालू आहे. वाटीने डोळा लागतो हे खरं, पण आग जात नाही. इथल्या दवाखान्यात साखर बघतात तेवढीच. चिपळूणला किंवा रत्नागिरीला न्यायचं तर एका फेरीत काय काय करून घ्यावं? आणि कुठल्या डॉक्टरांना दाखवावं?

माडबन

सुरंगीताई, काशाची वाटी सोडू नका. आमच्या आईला गाईचं तूप लावून वाटी घासली की शांत झोप लागते. तिलाही डॉक्टरांनी गोळ्या दिल्या होत्या, पण त्याने दिवसभर गुंगी यायची. वाटीचा तसा त्रास नाही. तूप काळं पडेपर्यंत घासायचं, म्हणजे उष्णता बाहेर येते.

दर्यावर्दी (मालवण)

माका हयसर सांगूचा वाटता. आमच्या बापाशीच्या पायांची अशीच आग होय. रातभर पाय पान्यात घालून बसत. मगे एक दिवस आग बंद झाली. आमका वाटला, बरा झाला. झाला उलटाच. पाय बधिर झाले हुते. खडपात कालवा काढूक गेले, कालवाच्या शिंपल्याची धार पायात घुसली, तेंका कळलाच नाय. घराक इले तेव्हा आवशीन जमनीर रगात बघल्यान. जखम चिघळली, पाय काळो पडाक लागलो. गोव्याक बांबोळीच्या हास्पिटलात न्हेलव, आंगठो कापूचो लागलो.

म्हणान सांगतंय, आग थांबली म्हणान खुशी मानू नकात. रोज पाय बघीत ऱ्हवा.

वैद्यकी

मी रत्नागिरी जिल्ह्यात बरीच वर्षं जनरल प्रॅक्टिस करतो. इथे बसून निदान करणार नाही, पण सुरंगीताईंनी जे लिहिलं आहे त्यात दिशा स्पष्ट आहे, म्हणून सविस्तर लिहितो. आणि दर्यावर्दींनी लिहिलेलं प्रत्येकाने पुन्हा एकदा वाचा. या सगळ्या विषयात त्याहून महत्त्वाचं काही नाही.

पाय हाताला गरम लागत नाहीत आणि तरी जळतात, याचा अर्थ उष्णता पायात नाही, नसेत आहे. गरम-गार आणि वेदना मेंदूपर्यंत नेणाऱ्या नसा फार बारीक असतात. त्या बिघडल्या की काहीही झालेलं नसताना ‘भाजतंय’ असा निरोप पाठवत राहतात. दिवसा कामात मेंदू इतर निरोपांत गुंतलेला असतो, रात्री अंथरुणात पडल्यावर हा एकच निरोप उरतो, म्हणून त्रास रात्री वाढल्यासारखा वाटतो. पायांपासूनच सुरुवात का होते, हेही समजण्यासारखं आहे. कमरेपासून पायाच्या बोटांपर्यंत जाणारी नस शरीरातली सर्वांत लांब. विजेच्या लाइनवर शेवटच्या वाडीतलं व्होल्टेज सगळ्यात आधी पडतं, तसंच हे. दोन्ही पायांत सारखं, बोटांपासून सुरू होऊन मोज्याएवढ्या भागात वर चढत जाणारं दुखणं दिसलं की आम्ही आधी नसांचा विचार करतो. त्याला न्यूरोपॅथी म्हणतात.

आता आग आणि बधिरपणा. लोकांना वाटतं या दोन वेगळ्या गोष्टी, पण बहुतेकदा एकाच वाटेवरचे दोन टप्पे असतात. नस बिघडत असते तेव्हा ती ओरडते. पुरती गेली की गप्प होते. चप्पल निसटलेली कळली नाही याचा अर्थ सासूबाईंच्या पायांत आग आणि बधिरपणा दोन्ही एकत्र आहेत. त्यामुळे उशीर करू नका.

कारणांत मधुमेह पहिला. मधुमेह असलेल्या सुमारे निम्म्या लोकांना कधी ना कधी नसांचा त्रास होतो. पण सासूबाईंच्या बाबतीत मला तितकीच शंका बी-१२ जीवनसत्त्व कमी असल्याची आहे. मेटफॉर्मिन दीर्घकाळ घेतलं की आतड्यातून बी-१२ कमी शोषलं जातं. पित्ताची गोळी पोटातलं आम्ल कमी करते, आणि अन्नातलं बी-१२ सुटं व्हायला ते आम्ल लागतं. वर आहार शाकाहारी. तीन बाजूंनी कात्री लागली आहे. म्हणून मेटफॉर्मिन मनाने बंद करू नका हं. औषध चांगलं आहे, त्यासोबत बी-१२ अधूनमधून तपासायचं एवढंच.

एका फेरीत करून घ्यायच्या तपासण्या: उपाशीपोटी आणि जेवणानंतरची साखर, एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी), बी-१२, सीबीसी (रक्तपेशींची मोजणी), टीएसएच (थायरॉइड), क्रिएटिनिन (किडनी) आणि लघवीतलं प्रथिन. रक्त चिपळूणला सहज देता येईल. बी-१२ २०० पिकोग्रॅमच्या खाली असेल तर कमतरता धरतात, २०० ते ३०० च्या मध्ये असेल तर काठावर. एमडी मेडिसिनच्या डॉक्टरांना दाखवा. सगळ्यांना लगेच न्यूरॉलॉजिस्ट लागत नाही.

आणि डॉक्टरांना आवर्जून सांगा, पायाला हात लावून तपासा. १० ग्रॅमच्या दाबाला वाकणारा नायलॉनचा धागा तळव्याला टेकवून तो कळतो का, कंप पावणारा ट्युनिंग फोर्क अंगठ्यावर ठेवला तर कंप जाणवतो का, घोट्याजवळची नाडी लागते का, एवढं बघायला पाच मिनिटं पुरतात आणि त्यातून रिपोर्टइतकंच कळतं. घरीही करता येईल असं काही हवं असेल तर सासूबाईंना डोळे मिटायला सांगून बोटांच्या टोकांना तुमच्या बोटाने अगदी हलका स्पर्श करा, एक-दोन सेकंद, आणि कुठल्या बोटाला लागला ते विचारा. टोचायचं किंवा दाबायचं नाही.

सुरंगी

डॉक्टर, खूप आभार. आज रात्री बोटांचा प्रयोग केला. करंगळी आणि अंगठा, दोन्ही पायांचे, त्यांना कळले नाहीत. त्या स्वतःच गप्प झाल्या. परवा नेतो आहोत.

एक शंका. घरात दूध, दही, ताक रोज असतं. मग बी-१२ कमी कसं पडेल? आणि मेडिकलवाल्याने नसांच्या गोळ्या म्हणून एक पाकीट दिलं आहे, ते तोवर सुरू करू का?

औषधालय (चिपळूण)

मी फार्मासिस्ट आहे, म्हणून दुसऱ्या प्रश्नाचं मी सांगते. रक्त दिल्याशिवाय काहीही सुरू करू नका. बी-१२ ची गोळी किंवा इंजेक्शन आधी घेतलं तर रक्तातला आकडा वर जातो आणि खरी कमतरता होती का ते कळतच नाही. आमच्या काउंटरवर हे रोज होतं. आधी इंजेक्शन, मग तपासणी, मग ‘रिपोर्ट तर नॉर्मल आहे’.

पाकिटामागचं बारीक अक्षर वाचा. त्यात मिथाइलकोबालामिनबरोबर (म्हणजे बी-१२ च) प्रिगॅबालिन हे नसांची वेदना दाबणारं औषध असेल तर ते डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय घ्यायचं औषध नाही. नवीन नवीन त्याने गुंगी येते, तोल जातो, पायांना सूज येऊ शकते. किडनी कमजोर असेल तर मात्रा कमी लागते. आणि चालू असलेलं एकदम बंदही करायचं नसतं. नुसत्या बी-कॉम्प्लेक्सलाही लोक निर्धोक समजतात. बी-६ भरमसाठ मात्रेत महिनोन्महिने घेतलं तर त्यानेच नसा बिघडतात, पायांत मुंग्या आणि जळजळ होते. आणि फॉलिक ॲसिड एकटं घेतलं तर रक्तातला पंडुरोग सुधारतो, पण बी-१२ ची कमतरता नसा आतून खात राहते.

वैद्यकी

औषधालय यांनी अगदी नेमकं लिहिलं. दुधाबद्दल: दूध-दह्यात बी-१२ असतं, पण दोन वेळचं पातळ ताक आणि चहापुरतं दूध एवढ्यावर गरज भागत नाही, त्यात शोषण कमी. भाजी, कडधान्यं, फळं यांत ते नसतंच. मासे, अंडी, तिसऱ्या-कालवं यांत भरपूर असतं, म्हणून किनाऱ्यावरच्या मासे खाणाऱ्या घरांत ही कमतरता तुलनेने कमी दिसते. श्रावण पाळल्याने काही होत नाही बरं का, निरोगी माणसाच्या यकृतात काही वर्षं पुरेल एवढा साठा असतो. पण त्याच घरातला माणूस मेटफॉर्मिनवर असेल, पोटाचं ऑपरेशन झालेलं असेल किंवा बी-१२ शोषायला लागणारा घटकच जठरात बनत नसेल, तर रोज बांगडा खाऊनही कमतरता होऊ शकते.

उकडा तांदूळ (दापोली)

डॉक्टरांच्या बोलण्यात भर घालतो. मी निवृत्त शिक्षक आहे, वैद्यकीय माणूस नाही, पण या दुखण्याचा इतिहास वाचला आहे आणि तो आपल्या ताटाशी जोडलेला आहे.

हिंदुस्थानातल्या लोकांच्या पायांची जळजळ ग्रिअर्सन नावाच्या डॉक्टरने १८२६ मध्ये नोंदवली. पुढे १९४६ मध्ये सी. गोपालन यांनी तिचा नीट अभ्यास मांडला, म्हणून वैद्यकात ‘ग्रिअर्सन-गोपालन सिंड्रोम’ असं नावच आहे. हेच गोपालन पुढे हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेचे प्रमुख झाले. दुसऱ्या महायुद्धात जपान्यांच्या छावण्यांत अडकलेल्या कैद्यांनाही हाच त्रास झाला. निकृष्ट तांदूळ आणि त्याच्यासोबत जवळजवळ काही नाही, असं त्यांचं जेवण. मूळ कारण उपासमारीचं, ब गटातल्या जीवनसत्त्वांच्या अभावाचं.

आपल्याकडची उकड्या तांदळाची पेज इथे आठवते. भात भिजवून उकडला की कोंड्यातलं बी-१ दाण्याच्या आत शिरतं आणि नंतर कांडलं तरी बरंचसं टिकतं. पांढराशुभ्र पॉलिश तांदूळ घेऊन, तो चार पाण्यांनी धुऊन, वरचं पाणी ओतून दिलं तर बी-१ जातं. पेजेत पाणीही पोटात जातं. जोडीला कुळथाची पिठी असली की आणखी चांगलं. सासूबाईंना साखर आहे तेव्हा पेजेचं प्रमाण डॉक्टर सांगतील तसं, पण ज्या घरांतून उकडा तांदूळ हद्दपार झाला त्यांनी तो परत आणावा असं मला मनापासून वाटतं.

वैद्यकी

गुरुजी, फार मोलाची भर. आज बी-१ ची मोठी कमतरता मी ज्यांच्यात बघतो ते बहुतेक रोज दारू पिणारे. जेवण सुटतं, दारू बी-१ शोषू देत नाही आणि स्वतःही नसांना विषारी असते. बंदरावरचे तरणे खलाशी पायांची आग घेऊन येतात, बरोबर आलेली बायको दारात उभी राहून डोळ्यांनी सांगते. अशा माणसाला मात्रेने बी-१ दिलं आणि दारू सुटली तर पाय सुधारतात. दारू चालू ठेवून नुसती इंजेक्शनं घेतली तर फार काही हाती लागत नाही.

पाखाडी (ठाणे, मूळ राजापूर)

माझं वेगळं आहे. वय ३९, साखर नॉर्मल, बी-१२ नॉर्मल, एनसीव्ही नावाची नसांची तपासणी केली तीही नॉर्मल. तळपाय मात्र रोज जळतात. एका ठिकाणी सांगितलं, हे मनाचं आहे, टेन्शन घेऊ नका. घरचेही आता तसंच म्हणायला लागले आहेत. मला कुणी सांगेल का, नॉर्मल रिपोर्ट असताना असं होऊ शकतं का?

वैद्यकी

होऊ शकतं. एनसीव्ही जाड नसा मोजते. जळजळ पोहोचवणाऱ्या बारीक नसा त्या यंत्रात दिसतच नाहीत. फक्त बारीक नसाच बिघडल्या असतील तर एनसीव्ही पूर्ण नॉर्मल येते आणि त्रास पूर्ण खरा असतो. पक्कं करायचं तर कातडीचा छोटा तुकडा काढून त्यातले नसांचे धागे मोजतात. ती सोय मोजक्या मोठ्या केंद्रांत आहे, आणि दर वेळी गरजही पडत नाही. मुंबईजवळ आहात तर न्यूरॉलॉजिस्टना भेटा, आणि जाताना ‘मनाचं आहे’ हे वाक्य डोक्यातून काढून जा.

तुमची ‘साखर नॉर्मल’ म्हणजे काय केलं होतं? उपाशीपोटी १०० ते १२५ किंवा एचबीए१सी ५.७ ते ६.४ ही मधुमेहाच्या आधीची पायरी. बारीक नसांचा त्रास तिथेही सुरू होऊ शकतो. थायरॉइड बघितलं का? पूर्वी टीबीचं औषध, केमोथेरपी घेतली आहे का? टीबीवरच्या आयसोनियाझिडने बी-६ कमी होतं, म्हणून टीबीच्या औषधांबरोबर बी-६ ची गोळी देतात आणि काही जण नेमकी तीच सोडतात.

आणि एकच पाय जळतो की दोन्ही? एकाच तळव्यात असेल तर घोट्याच्या आतल्या बाजूला नस दाबली गेली आहे का ते बघावं लागतं. कमरेतून कळ खाली येत असेल, चालताना वाढत असेल, पुढे वाकून बसल्यावर कमी होत असेल, तर मणक्याकडे बघायचं. सकाळी उठल्यावर पहिलं पाऊल टेकताना टाचेत कळ येते, त्याचं कारण बहुतेकदा टाचेखालचा स्नायूबंध. ते नसांचं दुखणं नाही.

पाखाडी

दोन्ही पाय. एचबीए१सी कधी केलंच नाही, फक्त उपाशीपोटीची साखर, ती ११२ होती आणि तिला नॉर्मल म्हटलं होतं. टीबीचं औषध नाही. थायरॉइडही बघितलेलं नाही. दोन्ही करतो. कुणीतरी खरं मानलं यानेच बरं वाटलं.

चिखलणी (संगमेश्वर)

आमच्याकडे लावणीच्या दिवसांत निम्म्या वाडीचे पाय जळतात. बोटांच्या बेचक्यात पांढरं पडतं, चिरा जातात, आग होते, खाज येते. यालाही नसांचंच म्हणायचं का?

वैद्यकी

नाही, त्या चिखल्या. दिवसभर चिखलपाण्यात पाय राहिल्याने बुरशी धरते. घरी आल्यावर स्वच्छ पाण्याने धुऊन बेचके कोरड्या फडक्याने टिपायचे, क्लोट्रिमॅझोलसारखं बुरशीचं मलम दोन-चार आठवडे लावायचं, बरं वाटलं तरी मध्येच सोडायचं नाही. बेचक्यात तेल घालू नका, ओल धरून राहते. साखर असलेल्या माणसाने चिखल्यांकडे काणाडोळा करू नये, त्या चिरेतून जंतू शिरतात आणि पाय सुजतो. बाजारातली स्टेरॉइड मिसळलेली ‘तीन-चार औषधं एकात’ मलमं लावू नका, बुरशी दबते आणि मग पसरते.

आरोग्यसेविका (रायगड, निवृत्त)

एक गोष्ट कुणी लिहिली नाही, म्हणून मी लिहिते. कुष्ठरोग. नाव काढलं की माणसं उठून जातात, पण कोकणात अजून रुग्ण सापडतात. अंगावर फिकट किंवा लालसर चट्टा, त्याला खाज नाही, घाम नाही, स्पर्श कळत नाही. पायात मुंग्या, एखादी बधिर जागा, कोपराजवळची किंवा गुडघ्याबाहेरची नस हाताला जाड लागते. पाऊल उचलताना घसटतं. असं काही दिसलं तर प्राथमिक आरोग्य केंद्रात जा. औषध सरकारी केंद्रात पूर्ण मोफत आहे, आजार पूर्ण बरा होतो आणि औषध सुरू झालं की लवकरच संसर्ग पसरायचा थांबतो. लपवला तर मात्र नस कायमची जाते. मी घरोघर फिरून चट्टे तपासले आहेत, पडवीत उभं करून सदरा काढायला सांगायला लाज वाटायची, त्यांनाही आणि मलाही. पण वेळेत सापडलेल्या माणसांची बोटं आज शाबूत आहेत.

माडबन

डॉक्टर, एक विचारू? वाटी घासणं चुकीचं आहे का मग? आणि भेगांत बिब्बा भरतात, गरम पाण्यात मीठ घालून पाय बुडवतात, विटेचा शेक देतात, त्याचं काय?

वैद्यकी

वाटी घासायला माझी हरकत नाही. चोळल्याने त्या जागेच्या जाड नसा जाग्या होतात आणि जळजळीचा निरोप थोडा वेळ मागे पडतो, आराम खरा असतो. कातडी शाबूत हवी, हलक्या हाताने. तूप काळं पडतं ते काशातल्या तांब्यामुळे आणि घर्षणामुळे. सुती कापडावर तूप लावून वाटी घासा, तरी काळं पडेल. वाटीने नस बरी होत नाही, म्हणून तपासणी टाळायची नाही. कोकमाचं तेल टाचांच्या भेगांना उत्तम, तेही सांगून ठेवतो.

बिब्बा मात्र नको. त्याच्या चिकाने कातडी भाजते, फोड येतात. चांगल्या पायालाही येतात. बधिर पायाला तर भाजलेलं कळणारही नाही. गरम पाणी, वीट, गरम पाण्याची पिशवी, चुलीजवळ पाय शेकणं, यातलं काहीही मधुमेही पायाला नको. पावसाळ्यात दर वर्षी असे भाजलेले पाय बघतो आणि प्रत्येक वेळी घरचे म्हणतात, आम्ही हात घालून पाणी बघितलं नव्हतं. बर्फाच्या पाण्यात पाय घालून बसणंही नको, कातडी मरते. साध्या गार पाण्याने पाय धुणं, ओलं फडकं ठेवणं चालेल, पण धुऊन झाल्यावर पुसायचं.

वैद्य (सावंतवाडी)

मी आयुर्वेदाची प्रॅक्टिस करतो आणि डॉक्टरांशी सहमत आहे. आमच्याकडे पाददाह, म्हणजे पायांची आग, वाताच्या व्याधींत मोडतो, पित्त आणि रक्त त्याच्या जोडीला. शतधौत घृत (शंभर वेळा धुतलेलं तूप), वाळ्याचा लेप, अभ्यंग, यांनी रुग्णाला सुख होतं आणि मी ते देतो. पण साखर, बी-१२ आणि किडनीचे रिपोर्ट बघितल्याशिवाय मी कुणालाच औषध सुरू करत नाही.

आणि हात जोडून सांगतो, एसटी स्टँडबाहेर, जत्रेत किंवा कुरिअरने मिळणाऱ्या, ज्यावर बनवणाऱ्याचं नाव नाही अशा पुड्या घेऊ नका. तशा औषधांत शिसं, पारा, आर्सेनिक सापडलेलं आहे. आर्सेनिकने तर तळपायांची आगच होते. म्हणजे ज्यासाठी पुडी घेतली तेच दुखणं पुडीने वाढतं.

सुरंगी

मंडळी, जाऊन आलो. एचबीए१सी ८.६, बी-१२ १४१, टीएसएच ठीक, क्रिएटिनिन ठीक. लघवीत थोडं प्रथिन आहे. धागा दोन्ही अंगठ्यांना आणि पुढच्या तळव्याला कळला नाही, टाचेला कळला. नाडी चांगली लागते. डॉक्टरांनी बी-१२ ची इंजेक्शनं सुरू केली आहेत, आधी जवळजवळची, मग महिन्याने एक. रात्री प्रिगॅबालिनची लहान मात्रा. मधुमेहाच्या गोळ्यांत एक वाढवली, मेटफॉर्मिन तेच ठेवलं. पित्ताची गोळी खरंच लागते का ते बघून कमी करू म्हणाले.

सासूबाई विचारतात, आग कधी जाईल? मी काय सांगू?

वैद्यकी

खरं ते सांगा. बी-१२ मुळे जो भाग आहे तो सुधारेल, पण आठवड्यांत नाही, महिन्यांत. नस वाढते ती दिवसाला साधारण एक मिलिमीटर, आणि पुरती मेलेली परत येतेच असं नाही. मधुमेहामुळे जो भाग आहे तो साखर नीट ठेवली तर पुढे जायचा थांबेल. आग कमी करायला प्रिगॅबालिन आहे. त्याने भागलं नाही तर ड्युलॉक्सेटिन, अमिट्रिप्टिलिन अशी दुसरी औषधं आहेत, मिरचीतल्या तिखटाच्या घटकाचं मलमही मिळतं. यातलं कुठलंच नस जोडत नाही, झोप मिळवून देतं, आणि झोप काही कमी गोष्ट नाही. सुरुवातीला मध्ये काही दिवस मुंग्या वाढल्यासारख्या वाटतील, तेव्हा घाबरून इंजेक्शन सोडू नका.

पहिले काही आठवडे रात्री न्हाणीकडे त्यांना एकटं सोडू नका, त्या गोळीने तोल जातो. वाटेत दिवा ठेवा. बी-१२ ची कमतरता असताना एचबीए१सी खऱ्यापेक्षा थोडं जास्त दिसू शकतं, म्हणून पुढच्या वेळी घरच्या साखरेच्या नोंदी डॉक्टरांना दाखवा. साखर एकदम खाली आणायची घाई नको. फार वेगाने उतरली तर काही जणांची आग उलट भडकते.

आणि पायांची रोजची पाहणी आता तुमच्या घरातलं काम. संध्याकाळी हातपाय धुतल्यावर उजेडात तळवा, बेचके, टाच बघायची. त्यांना वाकता येत नसेल तर आरसा. चपलेत पाय घालण्याआधी चप्पल उलटी करून झटकायची, आत खडा किंवा खिळ्याचं टोक नाही ना ते हात फिरवून बघायचं. नखं सरळ कापायची, कुरुपाला ब्लेड नको.

एक पाय अचानक सुजला, लाल-गरम झाला आणि दुखत नाहीये, तर ‘दुखत नाही ना’ म्हणून थांबू नका, हाडं ढासळत असू शकतात. पाय गार आणि निळसर पडला, जखमेला वास आला, काळी कड दिसली, ताप आला, तर त्याच दिवशी रुग्णालय. मुंग्या दोन-चार दिवसांत भराभर वर चढून पायातली ताकद जायला लागली किंवा लघवीवरचा ताबा गेला, तरी तसंच.

दर्यावर्दी

चप्पल खयची घालूची ता पन सांगा. आमच्या बापाशीक मऊ तळव्याची, मागे पट्टो असलेली दिल्यानी. ती घालूक लागल्यापासना परत जखम नाय.

आरोग्यसेविका

तिला एमसीआर चप्पल म्हणतात. बारीक छिद्रांचं मऊ रबर आत आणि खाली टणक तळ, म्हणजे काटा आरपार जात नाही. मागे पट्टा हवाच, तो नसला की बधिर पायातून चप्पल निसटते. कुष्ठरुग्णांना ती सरकारी यंत्रणेतून मोफत मिळते. बाकीच्यांनी मोठ्या रुग्णालयांजवळच्या पादत्राणांच्या दुकानात विचारावं. पायाचं माप संध्याकाळी द्यावं, तेव्हा पाय थोडा फुगलेला असतो.

सुरंगी

मागे पट्ट्याची बघते. एक शेवटचं विचारते. शिमग्यात पालखी घरी येते तेव्हा सासूबाई सहाणेपर्यंत, पालखी ठेवतात त्या चौथऱ्यापर्यंत, अनवाणी जातात. फाल्गुनातला कातळ, दुपारची वेळ. त्यांना मी काय सांगणार? ‘देवापुढे चप्पल घालू?’ म्हणतात.

वैद्यकी

नका थांबवू त्यांना. वाटेवर चप्पल, आणि पालखीजवळ चप्पल काढायचीच असेल तर जाड सुती मोजे, दोन एकावर एक. उन्हातल्या कातळावर उभं राहायचं नाही, मांडवाच्या सावलीत किंवा सारवलेल्या खळ्यात उभं राहायचं. घरी आल्यावर मोजे काढून तळवे बघा. फोड दिसला तर फोडू नका, स्वच्छ फडकं बांधून दुसऱ्या दिवशी दवाखान्यात न्या.

माडबन

सुरंगीताई, ही सगळी चर्चा आईला वाचून दाखवली. तिचीही मधुमेहाची गोळी जुनीच आहे. सोमवारी बी-१२ करायला नेतो. डॉक्टर, त्यासाठी उपाशी न्यावं लागतं का?

वैद्यकी

बी-१२ ला तशी गरज नाही. पण साखरही त्याच वेळी करा, म्हणून सकाळी उपाशीच न्या. आणि तिथे पाय तपासून घ्या.